पट्ट्यांखालचा संगणक

म्युझिक वर्कस्टेशन नावाचा कीबोर्ड चार कामे एकट्याने करतो. पट्टी दाबली की आवाज देतो. वाजवलेले लक्षात ठेवून पुन्हा वाजवतो. एका वाद्यावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे असे थर चढवू देतो. आणि शेवटी या सगळ्यांचा तोल साधून, आवाजाला खोली नि घुमारा देऊन पुरे झालेले गाणे बाहेर काढतो. या कामांसाठी लागणारा संगणक त्याच्या पोटातच असतो. लॅपटॉपला जोडायचा कंट्रोलर कीबोर्ड स्वतः मुका असतो. मराठी घरांत कंपनी कुठलीही असली तरी ‘कॅसिओ’ म्हणून ओळखला जाणारा कीबोर्ड तयार आवाज आणि तयार ठेके पुरवतो, पण त्यावर पूर्ण गाणे बांधण्याची सोय तोकडी असते. वर्कस्टेशनवर मात्र पहिल्या सुचलेल्या ओळीपासून शेवटच्या मिश्रणापर्यंतचा सगळा प्रवास एकाच जागी होऊ शकतो.

संगणक पोटात आला की त्याच्याबरोबर काही नियमही येतात. सप्तकात स्वर किती, त्यांच्यातले अंतर किती, मात्रा किती लांब असू शकते, दाबलेला स्वर किती वाकू शकतो, हे सारे कुणीतरी आधी ठरवून त्यात लिहिलेले असते. ज्यांच्या संगीतासाठी ते लिहिले गेले, त्यांना हे नियम जाणवतही नाहीत. इतरांना ते पावलोपावली अडवतात. म्हणून भारतीय वाचकाने वर्कस्टेशनचा अभ्यास आवाजांच्या यादीपासून सुरू करण्यापेक्षा या नियमांपासून करावा. त्यासाठी बंगळुरूइतके सोयीचे शहर दुसरे नाही, कारण तिथे याच प्रश्नाला उलट्या बाजूने हात घातला गेला.

कीबोर्डमध्ये सूक्ष्मप्रक्रियक शिरला तो आवाज काढण्यासाठी नव्हे, आवाज लक्षात ठेवण्यासाठी. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरमध्ये आवाज अॅनालॉग मंडलांतूनच येई; त्यातली झेड-८० ही चिप बटणांची मांडणी स्मृतीत साठवून हवी तेव्हा परत आणून देई. एवढ्यानेही वादकाचे जगणे बदलले, कारण तोवर दोन गाण्यांच्या मधल्या वेळात सगळी बटणे हाताने फिरवावी लागत. खरी उडी १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडली. सिडनीतील पीटर व्होगेल आणि किम रायरी यांच्या फेअरलाइट सीएमआय या यंत्रात कीबोर्ड, पडदा आणि पडद्यावर थेट रेघ ओढता येणारा लाइट पेन होता. बाहेरचा कुठलाही आवाज मुद्रित करून तो पट्ट्यांवर पसरवता येई. काच फुटल्याचा आवाजसुद्धा त्यामुळे सुरात वाजू लागला. त्याच काळात अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या परिसरात सिन्क्लाव्हियर घडला. दोन्ही यंत्रे विलक्षण महाग होती. फेअरलाइटची सुरुवातीची किंमत १८,००० पौंडांच्या आसपास होती. तेव्हा ती पोचली फक्त मोठ्या स्टुडिओंत आणि श्रीमंत कलावंतांकडे.

सामान्य वादकाच्या हाती ही कल्पना आली ती दोन गोष्टींमुळे. पहिली मिडी. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका केबलने जोडून दाखवले गेले, आणि एकावर वाजवलेले दुसऱ्यातून ऐकू आले. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त सूचना जातात: कोणती पट्टी, किती जोराने, कधी दाबली, कधी सोडली. एका स्वराची सूचना पोचायला सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे स्वस्त झालेली स्मृती. १९८८ मध्ये कोर्गने एम-१ बाजारात आणला. एकसष्ट पट्ट्या, एका वेळी सोळा आवाज, वाजवलेले लक्षात ठेवणारा आठ ट्रॅकचा सीक्वेन्सर आणि घुमाऱ्याची सोय, हे सगळे एकत्र. त्याच्याआधी एन्सोनिकसारख्या कंपन्यांनी कीबोर्डात सीक्वेन्सर घातले होते, पण वर्कस्टेशन हा प्रकार सर्वांच्या डोळ्यांत भरला तो एम-१ मुळे, आणि पुढची पंधरा-वीस वर्षे इतरांनी त्याचाच आराखडा गिरवला.

एम-१ मधील सगळ्या वाद्यांचे आवाज मिळून ४ मेगाबाइटमध्ये बसवले होते. सीडीच्या दर्जाने हिशेब केला तर एवढ्या जागेत एकपदरी आवाज पाऊण मिनिटापेक्षा थोडासाच जास्त मावतो. पियानो, व्हायोलिनांचा ताफा, बासरी, ढोल, सगळे त्यात. हे साधले एका युक्तीने: आवाजाचा आरंभ तेवढा खरा मुद्रित करायचा आणि पुढचा स्थिर भाग छोट्या तुकड्याचा लूप करून हवा तितका लांबवायचा. ऑर्गन किंवा व्हायोलिनांच्या ताफ्याला ही युक्ती छान बसते, कारण तिथे स्वर लागला की तो बराचसा तसाच राहतो. भारतीय वाद्यांचे नेमके उलट आहे. डग्ग्यावर थाप पडल्यावर मनगटाने निघणारी घुमकी खालून वर सरकते. सतारीचा स्वर छेडल्यानंतर मींडेने पुढच्या स्वरावर जातो. सरोदाचा ठोका विरता विरता रंग बदलतो. लूपला ज्या शेपटीची गरज नसते, त्या शेपटीतच आपले संगीत असते. तेव्हाच्या यंत्रांतले ‘सितार’ आणि ‘तबला’ हे आवाज निर्जीव वाटत, त्यामागे निष्काळजीपणापेक्षा स्मृतीच्या काटकसरीचा हा हिशेब होता.

पुढे स्मृतीची टंचाई संपली आणि पोटातला संगणक उघड संगणकच झाला. कोर्गच्या २००५ मधील ओएसिसमध्ये पेंटियम प्रोसेसर आणि लिनक्स होते. २०११ च्या क्रोनॉसमध्ये नऊ वेगवेगळ्या ध्वनिपद्धती आणि आवाज साठवायला एसएसडी होती. टेक्सासच्या ओपन लॅब्सने आणखी सरळ वाट धरली आणि कीबोर्डच्या डब्यात चक्क विंडोज चालवणारा संगणक बसवला. अलीकडे अकाईचा एमपीसी की ६१ लॅपटॉपशिवाय स्पर्शपडद्यावर गाणे पुरे करू देतो. या साऱ्यांत एक अडचण समान आहे. संगणक आवाजाचे नमुने थोडेथोडे गोळा करून गठ्ठ्याने बाहेर पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने १२८ नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे सुमारे तीन सहस्रांश सेकंदांचा उशीर, ५१२ चा म्हणजे जवळजवळ बारा. तीन कुणाला जाणवत नाहीत. बारा मात्र द्रुत लयीत वाजवणाऱ्याच्या बोटांना लगेच कळतात. वर्कस्टेशनची व्यवस्था या एकाच कामासाठी आवळलेली असते, तिच्यात ईमेल नसते आणि मधेच सुरू होणारे अपडेट नसते. रंगमंचावर लॅपटॉपपेक्षा तिच्यावर विश्वास टाकणारे वादक आजही पुष्कळ आहेत.

आता स्वरांच्या नियमाकडे. कारखान्यातून आलेला कीबोर्ड सप्तकाचे बारा समान भाग करतो. प्रत्येक भाग १०० सेंटचा. तंबोऱ्याच्या षड्जातून स्वयंभू उमटणारा गंधार ३८६ सेंटवर असतो, कीबोर्डचा शुद्ध गंधार ४०० वर. चौदा सेंटचे हे अंतर साथीला तंबोरा चालू असताना कानाला टोचते. हे दुखणे पेटीचेच, आणि त्यावरचा पहिला पद्धतशीर उपाय महाराष्ट्रात झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रुतींची मोजमापे घेऊन त्यांप्रमाणे श्रुती-हार्मोनियम बनवून घेतला. त्यांच्या प्रयोगांना मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार होता. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्या पेटीवर मोठा वाद झाला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली, आणि ती सैल व्हायला १९७० चे दशक उजाडावे लागले. त्या काळात मराठी नाट्यसंगीत पेटीवरच पोसले जात होते, ही गोष्ट लक्षात घेतली तर शास्त्र आणि व्यवहार यांतली ओढाताण किती खरी होती ते कळते. देवलांचा प्रयत्न रुजला नाही, कारण जास्त श्रुती म्हणजे जास्त रीड आणि वाजवायला अवघड रचना. संगणकात मात्र श्रुती म्हणजे कोष्टकातला एक आकडा. तो बदलायला कानस लागत नाही.

बंगळुरूत हाच विचार पट्ट्यांशिवाय सुरू झाला. अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यांची रॅडेल ही कंपनी पुढे तंबोऱ्याबरोबर तालमाला हा इलेक्ट्रॉनिक तबला, लेहऱ्याचे यंत्र आणि डिजिटल वीणा बनवू लागली. फेअरलाइटचे आणि या तंबोऱ्याचे वर्ष एकच आहे. चिप रचनेचे शहर म्हणून बंगळुरूची ओळख घडवणारे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे केंद्र तिथे १९८५ मध्ये आले, म्हणजे हे काम त्याच्याही आधीचे. सिडनीत सगळे आवाज एका यंत्रात कोंबण्याची धडपड चालली होती; बंगळुरूत एकच आवाज नीट लावण्याची.

तो एक आवाज अवघडही होता. तंबोऱ्याची तार सपाट, किंचित उतरत्या घोडीवर टेकते, मध्ये सुताचा धागा सरकवला की जवारी खुलते आणि तारेतून स्वरांचे पदर उमटत राहतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर निबंध लिहून दाखवले की, तार ज्या बिंदूवर छेडल्यास एखादा उपस्वर गणिताने नाहीसा व्हायला हवा, तिथे छेडूनही तो ठळक ऐकू येतो. घोडीच त्याला जन्म देते. हेच रामन १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि अखेरपर्यंत त्या शहरात राहिले. अशा आवाजाची नक्कल साध्या आंदोलकाने केली तर गुणगुण ऐकू येते, तंबोरा नाही. पुढच्या पिढीच्या यंत्रांनी खऱ्या तंबोऱ्याचे मुद्रण स्मृतीत ठेवले आणि सूर, लय, तारांची जुळणी वेगवेगळ्या बटणांवर दिली. पहिली तार पंचमात, मध्यमात की निषादात, हा प्रश्न ज्या यंत्रात पहिल्याच पानावर विचारला जातो, ते यंत्र कुणासाठी लिहिले गेले हे सांगावे लागत नाही. तालमालेतही आवर्तन हे मोजमाप मुळात मान्य असते. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन आणि रूपकाची पहिल्याच मात्रेवरची खाली तिथे अपवाद म्हणून घुसवलेली नसतात.

चामराजपेठेतील किल्ला हायस्कूलच्या मैदानावर होणाऱ्या रामनवमीच्या मैफलींपासून पुण्या-मुंबईच्या शिकवण्यांपर्यंत इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची ही पेटी पोचली. घरी एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला तिने कायमचा षड्ज दिला, हे उपकार मोठे आहेत. त्याची किंमतही खरी आहे. गुरूमागे तंबोरा धरून बसलेला शिष्य तिथेच निम्मे गाणे शिकत असे. ती जागा पेटीने घेतली. शिवाय मुद्रित तुकडा कितीही चांगला असला तरी तो फिरून फिरून तोच येतो, आणि लाकडी तंबोऱ्यातील दोन छेड कधी एकसारखे नसतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. रियाजाला इलेक्ट्रॉनिक पेटी आणि मैफलीला मिरजेचा तंबोरा, ही वाटणी योग्यच आहे.

आज वर्कस्टेशन आणि बंगळुरूची स्वरयंत्रे हे दोन प्रवाह एकमेकांना भेटतात. बहुतेक वर्कस्टेशनांत स्केल ट्यूनिंगचे पान असते आणि तिथे बाराही स्वर सेंटच्या हिशेबाने हलवता येतात. गंधार चौदा सेंट खाली, धैवत सोळा, निषाद बारा, असे कोष्टक पांढरी एक धरून भरले की तंबोऱ्याशी भांडण मिटते. गायिकेला काळी चार हवी असेल तर ट्रान्सपोज वापरायचे; मात्र ट्रान्सपोजबरोबर कोष्टकही सरकते की जागच्या जागी राहते, हे यंत्रागणिक वेगळे असते आणि कार्यक्रमाआधी कानाने तपासून घ्यावे लागते. कोष्टकाची मर्यादाही उघड आहे. दरबारीचा गंधार कोणत्याही एका आकड्यावर उभा राहत नाही. त्याचे आंदोलन हाच तो स्वर आहे.

तिथे डाव्या हाताजवळचे पिच बेंडचे चाक उपयोगी पडते. पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भात्यावर असतो. वर्कस्टेशनला भाता नाही, जोर बोटाच्या वेगातून मोजला जातो, आणि मोकळा झालेला तोच हात चाकावर जाऊन मींड घेतो. चांगल्या पेटीवादकांना हे वाद्य लवकर वश होते, त्यामागे हेही कारण असावे. अडचण एवढीच की जुन्या मिडीत चाक फिरवले की त्या चॅनेलवरचे सगळे स्वर एकदम वाकतात; खाली षड्ज धरून वर गंधार हलवता येत नाही. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या एमपीई पद्धतीने प्रत्येक बोटाला स्वतंत्र चॅनेल दिले आणि २०२० च्या मिडी २.० ने प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाक. भारतीय संगीतासाठी गेल्या चाळीस वर्षांतला सर्वांत मोलाचा बदल हाच. तो पाश्चात्त्य वादकांच्या मागणीतून आला, ही बाब वेगळी.

लयीचा नियम अजून तितकासा सुटलेला नाही. किराणा घराण्याच्या अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचे आवर्तन जवळपास मिनिटभर चालू शकते, म्हणजे मिनिटाला बारा मात्रा. पुष्कळ यंत्रांची लय तीस-चाळीसच्या खाली उतरत नाही. मग प्रोग्रॅमर एका मात्रेचे चार ठोके धरतात आणि सीक्वेन्सरला फसवून आवर्तन बसवतात. काम होते, पण पडद्यावरचे मोजमाप आणि मनातले मोजमाप वेगळे राहते आणि सम शोधायला आकडेमोड करावी लागते.

नियम अडवतात तिथे कल्पक माणूस वाट काढतो, याचे उत्तम उदाहरण मुंबईचे. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रे, ज्युपिटर-८ कीबोर्ड, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, एकत्र जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती. मूळ हेतू बास गिटारची नक्कल, सिंग यांनी तिच्यात रागाची चाल पाहिली. तेव्हा त्या तबकडीकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा नृत्यसंगीताचे जाणकार चकित झाले, कारण शिकागोत पुढे ज्या आवाजावर एक शैली उभी राहिली तो तिच्यात आधीच होता.

मुंबईच्या स्टुडिओंत १९८० च्या दशकापर्यंत अरेंजर कागदावर स्वरलेखन करून शंभर-शंभर वादक बसवत असे. वर्कस्टेशन आल्यावर ‘प्रोग्रॅमर’ हे नवे नाव श्रेयनामावलीत आले आणि व्हायोलिनवादकांच्या रांगा आटल्या. बंगळुरूत त्याचा परिणाम काहीसा निराळा झाला. कन्नड चित्रपटांचे ध्वनिमुद्रण बराच काळ मद्रासला होत असे. मराठी रंगभूमीशी नाते असलेले शंकर नाग आणि त्यांचे भाऊ अनंत नाग यांनी बंगळुरूत संकेत स्टुडिओ उभा केला. जिथे मोठा वादकवर्ग नव्हता, तिथे कीबोर्डने कुणाचे काम हिरावण्याआधी काम शक्य केले. ऑर्केस्ट्रा, भावगीतांचे कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलने यांना ‘मायनस ट्रॅक’ पुरवणाऱ्या घरगुती स्टुडिओंची गोष्टही अशीच आहे.

अशा यंत्राचे आयुष्य वाद्याच्या आयुष्यापेक्षा खूप लहान असते. जुन्या वर्कस्टेशनांत आवाजांची मांडणी आतल्या छोट्या बॅटरीवर टिकते. बॅटरी संपली की वर्षानुवर्षे जुळवलेल्या या मांडण्या, म्हणजे पॅच, जातात. फ्लॉपी ड्राइव्ह मिळत नाहीत, म्हणून त्या जागी पेन ड्राइव्ह वाचणारे इम्युलेटर बसवतात. बंगळुरूच्या एस. पी. रोडसारख्या बाजारात सुटे भाग शोधून अशी यंत्रे चालू ठेवणारे कारागीर असतात. नव्या यंत्रांचे दुखणे वेगळे: क्रोनॉसला सुरू व्हायला साधारण दोन मिनिटे लागतात, म्हणून उघड्या मंडपात वीज गेली तर यूपीएसशिवाय गाणे थांबते. गाणी जपणारे संयोजक प्रत्येक काम तीन रूपांत ठेवतात: यंत्राच्या स्वतःच्या फाइलमध्ये, मिडी फाइलमध्ये आणि प्रत्येक ट्रॅकच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रणात. पहिली फाइल त्या यंत्राबरोबर संपते. मिडी फाइल कुठल्याही संगणकावर उघडते, पण आवाज, श्रुतींचे कोष्टक आणि घुमारा तिच्यात येत नाहीत. म्हणून ते कोष्टक वहीत सेंटच्या आकड्यांत लिहून ठेवावे लागते.